शिबिरं नकोत, आधी पगार द्या

"शिक्षकांसाठी प्रेरणा शिबिरं घेतली की दहावीचा निकाल सुधारेल," हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही. आमच्या बीड जिल्ह्यात विनाअनुदानित शाळांवरचे कित्येक शिक्षक वर्षानुवर्षं बिनपगारी राबले, मग कुठं २० टक्के, ४० टक्के असे अनुदानाचे टप्पे. माझ्या मुलीचे गणिताचे सर दिवाळीच्या सुट्टीत दुसऱ्याच्या शेतात सोयाबीन काढायला जायचे. तरी आईबाप ऊसतोडीला गेलेल्या पोरांना शाळा सुटल्यावर थांबवून भूमिती शिकवायचे. त्यांना शिबिरात काय सांगणार, सकारात्मक विचार करा?

शिक्षणसेवकांचं, म्हणजे सुरुवातीला ठरावीक मानधनावर नेमलेल्या शिक्षकांचं, तर लेखात नावच नाही. माध्यमिकला महिना १८ हजार, तेही तीन वर्षं. वर बीएलओची, म्हणजे मतदार यादीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं वेगळंच. वर्गावर जाऊ तर द्या त्यांना!