लाल सिग्नलला शिव्या घालून झाल्या असतील तर हे वाचा

"सिग्नलमधील तांत्रिक बिघाडामुळे गाडी उशिराने धावत आहे." ही घोषणा आज कधी ऐकली माहितीये? गाडीतून उतरल्यावर, फलाटावर. उशीर सगळा भोगून झाला आणि मग त्याचं कारण कळलं. आभारी आहोत.

त्याआधी दीड तासाच्या वर आम्ही रानात उभे. एकेरी मार्ग, पुढे लाल सिग्नल, डब्यात कुणाला काही पत्ता नाही. समोर एक ताई बसल्या होत्या, हॉस्पिटलमध्ये आयाचं काम करतात. त्या पोचल्याशिवाय रात्रपाळीच्या बाईला घरी जाता येत नाही. दर थोड्या वेळाने त्यांचा फोन सुरू: "अगं, हलली नाही अजून. थांब जरा." पुढे पुढे त्या नुसतं "हो गं, कळतंय मला" एवढंच म्हणायला लागल्या. ती दुसरी बाई गाडीत नव्हतीच, तरी उशीर तिलाही झाला. रात्रभर जागून.

डब्यातले दोन-तीन वीर दारात उभे राहून "काय होतंय, लाल तोडून जाऊ दे ना" म्हणत होते. बाबांनो, असं नसतं. रुळांतून अगदी हलका करंट सोडलेला असतो. गाडी त्या तुकड्यावर आली की तो चाकं आणि आसातून परस्पर वळतो, पलीकडचा रिले (करंटवर चालणारा स्विच) पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. अमेरिकेतल्या विल्यम रॉबिन्सनने १८७२ साली याचं पेटंट घेतलं, आणि आजही जगभर हे ट्रॅक सर्किट वापरात आहे. यातली गंमत अशी की वायर तुटली, बॅटरी उतरली, रूळ आरपार तुटला, खडीत पाणी साचून करंट गळला, यातलं काहीही झालं तरी सिग्नल लालच होतो. शंका आली की थांबवायचं, एवढंच त्याला शिकवलेलं आहे. नेमकं याच्या उलट घडलं की काय होतं ते १९८८ साली लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनपाशी दिसलं. कामात एक जुनी वायर सुटी राहिली, तिच्यातून रिलेला नको तेव्हा करंट मिळत राहिला, लाल व्हायला हवा होता तो सिग्नल लाल झाला नाही, ३५ माणसं गेली. ओडिशातला बालासोरचा २०२३ चा रेल्वे अपघात तर आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचा आहे. तेव्हा लाल सिग्नलवर माझा राग नाही. तो एकटाच आज आपलं काम करत होता.

राग पुढच्या दीड तासावर आहे.

सिग्नल बिघडला की काय करायचं याचे नियम आहेत. स्टेशन मास्तर खातरजमा करून लेखी परवानगी देतो, गाडी रांगत पुढे जाते. पण एकेरी मार्गावर समोरून येणारी गाडी आधी लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, घ्यावी लागते. तिला उशीर झाला की तिच्या मागचीला होतो, मग तिच्यासाठी थांबलेलीला. ताईंचा उशीर त्या रात्रपाळीच्या बाईकडे गेला, अगदी तसाच. आणि दुरुस्ती करणारा माणूस? मोठ्या जंक्शनवर तो पाळीने हजर असतो. छोट्या मार्गावर कितीतरी स्टेशनांना मिळून एकच. तो लांबून रस्त्याने येणार, मीटर लावून नेमकी कुठली वायर गेली ते शोधणार, आणि सुटा भाग जवळ नसेल तर परत जाणार. वर आमची गाडी जंक्शनबाहेर पुन्हा उभी केली, कारण मेन लाइनच्या गाड्या वेळेवर जायला हव्यात! आमची वेळ आधीच गेलेली, मग अजून थोडी गेली तर कोणाचं काय जातं?

केबल चोरतात, वीज पडते, उंदीर वायरी कुरतडतात. मान्य. पण केबल कोणीही चोरो, डब्यात एक वाक्य सांगायला कोणी अडवलं होतं?

तो दुरुस्तीवाला आम्हाला खिडकीतून दिसला. खांद्याला पिशवी, भर उन्हात रुळाच्या कडेने चालत आला, पेटी उघडून खाली बसला. दारातले वीर त्याच्यावरच ओरडले. त्याने मान वर केली नाही. बिचाऱ्याने काय करायचं? एवढ्या लांबीच्या मार्गाला माणसं किती ठेवायची, हे त्याला विचारून ठरवलेलं नाही. हे लिहिताना त्याच्याबद्दल वाईट वाटतंय आणि ज्यांनी ते ठरवलं त्यांच्याबद्दल अजून संताप येतोय.

बिघाड कळल्यावर गाडी मागच्या स्टेशनातच धरता आली असती. फलाट होता, बाहेर रस्ता होता. (मागून दुसरी गाडी येणार असेल तर फलाट अडतो, हेही खरं. पण आज मागून काहीच येणार नव्हतं, ते आम्हाला नंतर कळलं.) ताई तिथे उतरून काहीतरी पकडून गेल्या असत्या. निदान पहिल्याच फोनवर "मला दीड तास लागेल, दुसरं कोणीतरी बघ" असं तरी सांगता आलं असतं. "थांब जरा" असं पुन्हा पुन्हा सांगणं त्यांनाही जड जात होतं, चेहऱ्यावर दिसत होतं.

उतरताना त्या म्हणाल्या, आज अर्धा दिवस कापतील. रोज सिग्नलचं कारण सांगितलं की वरचे लोक हसतात म्हणे.

जपानमध्ये गाडीला उशीर झाला तर रेल्वे प्रवाशाला तसा दाखला देते, कामावर दाखवायला. नवी केबल, नवे सिग्नल, जादा माणसं, या सगळ्याला पैसे लागतात, वर्षं लागतात, ते आम्हाला रोजच ऐकवलं जातं. मग तोवर हा एक दाखला द्या. स्टेशनात शिक्का असतो, वही असते, गाडी किती वाजता आली त्याची नोंदही असते. कोणाच्या अर्ध्या दिवसाचे पैसे वाचतील. आणि "मग बसने जा ना" असं कमेंटमध्ये लिहिणाऱ्यांनी आधी त्या मार्गावर सकाळची बस शोधून दाखवावी.