चालेना ते कासव

परवा रात्री माझं कासव चाललं नाही. चाललं नाही तर नाही, पण मेहुणा मुक्कामाला असतानाच चाललं नाही.

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतोय सध्या. पायथनबरोबर 'टर्टल' नावाचं मॉड्यूल, म्हणजे तयार कोडची फाइल, आयतंच येतं. दोन-तीन ओळी लिहिल्या की पडद्यावर एक बाण रेघ ओढत सरकतो. त्या बाणाला कासव म्हणायचं. मी फाइल सेव्ह केली, नाव दिलं टर्टल डॉट पीवाय. कासवाच्या फाइलला दुसरं काय नाव देणार? रन केली, तर तांबडी अक्षरं धो धो. म्हणे टर्टल अर्धवट तयार झालंय, त्यात 'फॉरवर्ड', म्हणजे पुढे सरकायचा हुकूम, नाहीच. बहुधा सर्क्युलर इम्पोर्टमुळे. (इम्पोर्ट म्हणजे मॉड्यूल आपल्या फाइलमध्ये बोलावणं.)

"दाजी, कशात लिहिताय?" मागून आवाज.

"आयडलमध्ये. पायथनसोबतच येतो तो एडिटर."

"अरेरे." कुणी गेल्यासारखं. "थॉनी टाका."

"अरे, पण ही एरर बघ ना, काय म्हणते..."

"एररचं सोडा हो. थॉनी! एस्टोनियातलं आहे, तार्तू विद्यापीठातलं." तिथल्या कुलगुरूंनी याला विचारूनच काम काढलं असावं. "नाहीतर ज्युपिटर नोटबुक. नाहीतर पायथन ट्यूटर. एकेक ओळ पुढे सरकते आणि कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते चित्रात दिसतं."

"तू वापरलंस?"

"बुकमार्क केलंय."

मग फोन काढून त्याने मला ते बुकमार्क दाखवले. सगळे. वीस मिनिटं. एकदाही त्याची नजर माझ्या पडद्याकडे गेली नाही. आयुष्यात एक 'प्रिंट' न लिहिलेला माणूस मला 'रोडमॅप' समजावत होता! आणि हा एकटा नाही. कुणालाही अडचण सांगा, तो नवा कोर्स सांगतो. पायथनवाल्यांचं स्वतःचं अधिकृत ट्यूटोरियल फुकट पडलंय, त्याचं नाव मात्र कुणाच्या तोंडी नाही. आणि शेजारी बसून एररची शेवटची ओळ वाचायला कुणाला अर्धा मिनिट नाही. जाऊ दे.

तो झोपल्यावर मी ती तांबडी अक्षरं खालून वर वाचली. प्रत्येक ठिकाणी माझ्याच फाइलचा पत्ता. पायथन मॉड्यूल शोधताना आधी चालू फाइलच्या फोल्डरमध्ये डोकावतो. तिथे त्याला माझंच टर्टल सापडलं. म्हणजे माझी फाइल स्वतःलाच हाका मारत बसली होती. २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ आवृत्तीपासून अशा वेळी एररच सुचवते, की बाबा, फाइलचं नाव बदल. माझी आवृत्ती जुनी. नाव बदलून कासव डॉट पीवाय केलं, आणि बाण निमूट सरकला.

झोप उडालीच होती, म्हणून थॉनीही टाकून बघितलं. मुद्दाम तेच जुनं नाव देऊन सेव्ह करायला गेलो. त्याने तिथल्या तिथे अडवलं: हे नाव दिलंत तर टर्टल मॉड्यूल इम्पोर्ट करता येणार नाही, तरी हेच ठेवायचं का?

मेहुण्याला हे मी सांगितलेलं नाही. सकाळी "चाललं का दाजी?" म्हणाला, तर "आपोआप चाललं" म्हणून सांगितलं.