मावशी, ती सेलोटेप नव्हे

परवा रात्री मावशीचा फोन आला. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होती आणि आता म्हणे तिकीट रद्द कर. कारण एक फॉरवर्ड. विमानाच्या पंखावर चंदेरी पट्ट्यांचे तुकडे, आणि खाली मजकूर: ‘तडे चिकटपट्टीने झाकून विमानं उडवतात, असं दिसलं तर ताबडतोब उतरा.’ जोडीला आणखी तीन शोध. रंग उडालेलं विमान म्हणजे भंगार. पांढरा रंग कायद्याने सक्तीचा. आणि रंगाचं वजन कित्येक टन, म्हणून कंपन्या रंगकाम टाळतात. हेच मला आधी तिघांनी पाठवलं होतं, तेव्हा मी गप्प बसलो. चुकलंच.

त्या पट्टीला स्पीड टेप म्हणतात. ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख आणि मागे भलताच चिवट गोंद. वारा, ऊन, पाऊस, उंचावरची कडाक्याची थंडी, सगळं ती सोसते. भार पेलणं मात्र तिचं काम नाही, आणि तशी कुणाची अपेक्षाही नाही. ती कुठे लावायची, कुठे नाही, हे तंत्रज्ञ मनाने ठरवत नाही. दुरुस्तीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

मग एकाच पंखावर इतके तुकडे का? बोइंग ७८७चे पंख कार्बन फायबरचे, म्हणजे धातूऐवजी कार्बनच्या धाग्यांपासून बनवलेल्या पदार्थाचे असतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी तिथे रंगाची पकड सुटते आणि घराच्या भिंतीसारखे पोपडे निघतात. उघडं पडलेलं कार्बन फायबर उन्हात ठेवायचं नसतं, म्हणून वर पट्टी. पंख नव्याने रंगवायचा तर विमान कित्येक दिवस हँगरमध्ये उभं करावं लागतं. ते मोठ्या देखभालीच्या वेळी होतं, तोवर पट्टी. म्हणजे फोटोत दिसतोय तो पोपडा, तडा नव्हे. आणि ‘ताबडतोब उतरा’ म्हणजे काय? दार बंद झालेल्या विमानात शंभर माणसं घाबरून उठली तर खरा अपघात तिथेच होईल. शंका आली तर कर्मचाऱ्यांना विचारा, एवढं लिहायला काय झालं होतं?

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य. पोपडे म्हणजे नेहमीच नुसता दिसण्याचा प्रश्न, असंही नाही. २०२१मध्ये कतारच्या विमान वाहतूक नियामकाने कतार एअरवेजची एअरबस ए-३५० विमानं याच कारणावरून जमिनीवर बसवायला सुरुवात केली. तिथे रंगाखाली तांब्याची जाळी असते, वीज पडली तर तिचा प्रवाह पसरवणारी, आणि वाद त्या जाळीपर्यंत पोचला. युरोपच्या नियामकाने मात्र उड्डाणाला धोका नसल्याचं म्हटलं. कतार एअरवेज विरुद्ध एअरबस असं प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं, फेब्रुवारी २०२३मध्ये समेट झाला. बरं, ए-३५० प्रवासी सेवेत आलं तेच २०१५मध्ये. यातलं एकही विमान भंगार म्हणण्याइतकं जुनं नव्हतं. आणि ‘लपवतात’ म्हणावं, तर जगभर कोर्टकचेरी गाजली.

पांढऱ्या रंगाचा कायदा? असा कायदाच नाही. एअर न्यूझीलंडची अख्खी काळी विमानं उडतात. पांढरा कमी तापतो आणि फिका पडलेला कळत नाही, म्हणून सोयीचा. १९९६मध्ये पेप्सीच्या जाहिरातीसाठी एक काँकॉर्ड, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगाने उडणारं प्रवासी विमान, निळं रंगवलं, तेव्हा तापण्याच्या भीतीने ध्वनीच्या दुप्पट वेगाला वीसेक मिनिटांची मर्यादा घातली होती. पण ते काँकॉर्ड.

राहिलं वजन. बोइंगच्याच ‘एरो’ नियतकालिकाने १९९९मध्ये हिशेब मांडला होता: ७४७-४००सारख्या अवाढव्य विमानावर रंग भरतो साधारण अडीचशे किलो. टन कुठून आले? शिवाय रंग न देता धातू चकचकीत ठेवायचा तर पॉलिशचा खर्च वाचलेल्या इंधनापेक्षा जास्त.

तिकीट रद्द केलेलं नाही. फॉरवर्ड मावशीच्या पुतण्याने पाठवलं होतं, त्याचा नंबर तेवढा मागून घेतलाय.