सीआरओची ट्यूब आहे का, मालक?

सोलापुरात चादर मिळते, कडक भाकरी मिळते, शेंगाचटणी तर किलोने मिळते. सीआरओची, म्हणजे विजेच्या सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपची, पिक्चर ट्यूब मागून बघा. दुकानदार आधी विचारतो, "किती वॉटची?" ट्यूबलाइट नको, सीआरओची ट्यूब हवी म्हटलं की त्याचा चेहरा उजळतो. "आरओ होय! मग फिल्टर बदला की." पुढच्या दुकानात नकार तेलुगूत, त्याच्या शेजारी कन्नडमध्ये. नाही, लेदु, इल्ला. नकाराच्या बाबतीत आमचं गाव अगदी सर्वसमावेशक आहे.

सर्वांत धोकादायक म्हणजे होकार देणारा. जुना टीव्ही मेकॅनिक ट्यूबवरचा 14 हा आकडा बघून म्हणतो, "चौदा इंची हाय की, टाकून देतो." एक तर ते 14 सेंटिमीटर असतात. दुसरं, टीव्हीची ट्यूब मानेवरच्या योकने, म्हणजे तारेच्या गुंडाळ्यांच्या चुंबकाच्या जोरावर, इलेक्ट्रॉनचा किरण वळवते. सेकंदाला 15,625 रेघा मारायला ते पुरतं. सीआरओला मात्र 20 मेगाहर्ट्झचा सिग्नल दाखवायचा असतो आणि तिथे योकच्या कॉइलचा इंडक्टन्सच, म्हणजे झपाट्याने बदलणाऱ्या करंटला होणारा तिचा विरोधच, आडवा येतो. म्हणून सीआरओच्या ट्यूबमध्ये मानेच्या आतच पट्ट्या असतात आणि त्यांच्यावरच्या व्होल्टेजने किरण वळतो. ही जात वेगळी, ती जात वेगळी. इथे जुगाड चालत नाही.

शोधाला निघण्याआधी ट्यूब खरंच गेली आहे का, हे बघावं. कितीतरी 'मेलेले' सीआरओ ट्रिगर, म्हणजे रेघ कधी सुटायची ते ठरवणारा स्विच, 'नॉर्मल'वरून 'ऑटो'वर केला की उठून बसतात. काहींची रेघ नुसती पडद्याबाहेर गेलेली असते. 'बीम फाइंड' दाबलं की सापडते. तरीही अंधारच असेल तर प्लग काढा, हाय व्होल्टेजचे कपॅसिटर डिस्चार्ज करा आणि सॉकेट सरळ मागे ओढा. पिळत, हलवत ओढलं तर पिनांपाशी काचेला बारीक चीर जाते, आत हवा शिरते आणि तोवर निरोगी असलेली ट्यूब तुमच्या हातून जाते. हीटर म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या कॅथोडला तापवणारी तार. तिच्या दोन पिनांमध्ये थंड असताना दोन-चार ओहम दिसले, तर हीटर शाबूत आहे. मग संशय फोकसच्या साखळीतल्या मेगओहमवाल्या रेझिस्टरांवर घ्या. वय झालं की त्यांची किंमत वाढत जाते किंवा ते सरळ तुटतात.

हीटरचे 6.3 व्होल्ट चालू यंत्रात मोजायची हौस मात्र नको. ते वाइंडिंग कॅथोडच्या सोबतीने उणे 2000 व्होल्टच्या आसपास टांगलेलं असतं, आणि साध्या मल्टिमीटरला याची कुणी कल्पना दिलेली नसते. हीटरला जादा व्होल्ट देणारा, टीव्हीवाल्यांचा लाडका बूस्टरही याच कारणाने इथे नापास. रेघ फिकी पडली, ब्राइटनेस वाढवला की सुरवंटासारखी फुगायला लागली, म्हणजे इमिशन, कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटणं, उतरलं. हीटरला आठेक व्होल्ट देऊन ट्यूब काही दिवस तगते, हे खरं. पण बाजारातल्या बूस्टरचं इन्सुलेशन टीव्हीच्या कॅथोडपुरतं असतं. दोन हजार व्होल्ट बघितले की ते आधी वास सोडतं, मग धूर.

आता लेबल. समजा, त्यावर डी14-363जीवाय असं आहे. डी म्हणजे ऑसिलोस्कोपची ट्यूब, 14 म्हणजे पडद्याचा कर्ण सेंटिमीटरमध्ये, 363 हा प्रकार आणि जीवाय हा फॉस्फर, म्हणजे पडद्याच्या आतला चमकणारा लेप. जीवायऐवजी जीएच मिळाली तरी घ्या. हिरव्याच्या छटेवरून भांडण्याइतकी श्रीमंती या बाजारात कुणाकडे नसते. पण पिनांची मांडणी, हीटरचा करंट, लांबी आणि डिफ्लेक्शन सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती व्होल्टला किरण किती वळतो ते, जुळलीच पाहिजे. शेवटची जुळली नाही तर माप जुळवायचा स्क्रू, म्हणजे कॅलिब्रेशनचा ट्रिमर, टोकाला जाऊन अडतो आणि एक व्होल्टचा सिग्नल पाऊण दिसतो.

माझं ठाम मत: सुटी ट्यूब शोधूच नये. त्याच मॉडेलचा बंद पडलेला अख्खा सीआरओ शोधावा. तो असतो आयटीआयच्या, तंत्रनिकेतनाच्या कपाटावर. अडचण एवढीच, की मेलेलं यंत्र डेड स्टॉक रजिस्टरवर, म्हणजे संस्थेच्या सामानाच्या नोंदवहीत, जिवंत असतं. निर्लेखन होऊन, म्हणजे नोंद रीतसर रद्द होऊन, लिलाव निघेपर्यंत त्याला हात लावायची सोय नाही. मग उरतात इलेक्ट्रॉनिक्सचे बाजार: पुण्याची बुधवार पेठ, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, नाहीतर हैदराबादचं कोटी. विकणारा "चालू कंडिशन" म्हणणारच. आपण मानेतला गेटरचा, म्हणजे आत उरलेली हवा शोषणाऱ्या धातूचा, डाग बघावा. चकचकीत आरशासारखा असेल तर ठीक, दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा गेली. पुढे घासाघीस करू नये. पडद्याच्या मधोमध तपकिरी आडवी रेघ असेल, तर प्रयोगशाळेत ब्राइटनेस पूर्ण ठेवून कुणीतरी जेवायला गेलं होतं, असं समजावं.

आणताना ट्यूब तोंड खाली, मान वर, आणि मानेवर कसलाही भार नाही. खोक्यावर 'काच आहे' लिहिल्याने हमालाचा उत्साह कमी होत नाही, म्हणून कुरिअर नको. मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने येताना खोकं बर्थवर ठेवावं आणि आपण उरलेल्या जागेत मावावं.

बसवताना म्यू-मेटलचं, म्हणजे बाहेरचं चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचं, आवरण जुन्या ट्यूबवरून काढून नवीवर चढवा. ते आपटलं की त्याचा चुंबकीय गुण उतरतो आणि ट्रान्सफॉर्मरच्या 50 हर्ट्झवर रेघ डुलायला लागते. ब्राइटनेस शून्यावर ठेवूनच स्विच दाबा. आधी ट्रेस रोटेशनने रेघ आडवी करा, मग फोकस आणि ठिपका गोल करणारा अस्टिग्मॅटिझम आलटून पालटून. शेवटी यंत्राचीच 1 किलोहर्ट्झची चौकोनी लहर लावा. 1 मिलिसेकंदाच्या खुणेवर पडद्यावरच्या जाळीच्या दर घरात एक लहर बसली की टाइमबेस, म्हणजे रेघेचा आडवा वेग, जमला. उंची घरं मोजून ट्रिमरने आणा.

जुनी ट्यूब भंगारवाला फुकटही घेत नाही. "काचेला भाव नाही, मालक," म्हणतो, आणि तेवढ्यात टेबलावरच्या म्यू-मेटलच्या दुसऱ्या आवरणाकडे बोट दाखवून विचारतो, "हा डबा देता का?"