'सेक्युलर' कधी व्हावं, कधी नाही

भाऊ, तिकीट मिळायचं तेव्हा मिळेल, तोवर 'सेक्युलर' हा शब्द वापरायला शिका. तो शिवीसारखा हासडता येतो आणि ढालीसारखा पुढेही धरता येतो.

धडा २०२०चा गिरवा. कोरोनाचा ऑक्टोबर, बार उघडलेले, देवळं बंद. राज्यपाल कोश्यारींनी मुख्यमंत्री ठाकऱ्यांना पत्रातून विचारलं, अचानक सेक्युलर झालात की काय? सरनाम्यातल्या शब्दाचा टोमणा, आणि तोही राज्यघटनेच्या रक्षणाची शपथ घेतलेल्या माणसाकडून! हे पहिल्या फटक्यात जमत नाही. ठाकरेही काही कच्चे नव्हते. आदल्या नोव्हेंबरात पत्रकारांनी छेडलं तेव्हा सेक्युलरचा अर्थ काय, असं यांनीच उलट विचारलं होतं. आता उत्तरात त्यांनी राज्यपालांना घटनेची आठवण करून दिली. वर्षाच्या आत अर्थ सापडला म्हणायचा. (त्याच साली आषाढीला भक्तांना दार बंद होतं. शासकीय महापूजेला मुख्यमंत्री होतेच.)

या महापूजेवर मात्र कुठलाच पक्ष टोमणा मारत नाही. पहाटेची वेळ, सोवळं, शेजारी सौभाग्यवती, रांगेतून निवडलेलं मानाचं वारकरी जोडपं. त्यांना एसटीचा वर्षभराचा मोफत पास. मग कॅमेऱ्यापुढे यायचं आणि 'चांगला पाऊस पडू दे, असं साकडं घातलं' म्हणायचं. पाटबंधारे खातं कुणाकडे आहे, हे विठ्ठल विचारत नाही. २०२३ला कार्तिकीच्या वेळी उपमुख्यमंत्री दोन निघाले. पूजेचा मान कुणाचा, हा पेच विधी व न्याय खात्यापर्यंत गेला. उपमुख्यमंत्री हे पद घटनेत शोधून सापडायचं नाही, पण कार्तिकीची पूजा त्याचीच.

कायद्याचं फार मनावर घेऊ नका. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३)नुसार धर्माच्या नावावर मत मागणं हे भ्रष्ट आचरण. मग मागू नका ना! देवाचा जयजयकार करा आणि थांबा. पुढचं लोकांना कळतं.

सुरुवात गावातूनच करा. देवळापुढे सरकारी निधीतून मंडप घाला, फलकावर 'सामाजिक सभागृह' लिहा. समोरच्या पार्टीने कब्रस्तानाला कुंपण घातलं की त्याच सभागृहात पत्रकारांना बोलवा आणि कळवळून विचारा, 'जनतेचा पैसा धर्माच्या कामाला का?' फक्त तेवढा वेळ घंटा कुणी वाजवणार नाही, एवढं बघा.