मार्ट आलं की आठवडी बाजार कशाला, म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

तालुक्यातल्या झाडून सगळ्या ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरतोय. बायपासला मोठं मार्ट होतंय, पार्किंगसाठी बाजारतळ देऊन टाका, गुरुवारचा बाजार गावाबाहेर न्या नाहीतर बंदच करा, कारण मार्ट आलं की शेतकरी दलालाच्या तावडीतून सुटेल, 40 टक्के माल सडतो तो वाचेल, गिऱ्हाइकाला स्वस्त पडेल, पोरांना नोकऱ्या लागतील. आणि खाली 'शेतकरीहितासाठी शेअर करा'. मार्टला माझा विरोध नाही, साबण-तेल मीपण तिथनंच आणेन. पण मेसेजातला एकेक मुद्दा तपासला तर फार काही हाताला लागत नाही.

आधी दलाल. शेतकऱ्याच्या हातात कमी पडतं हे खरंय, रिझर्व्ह बँकेच्या 2024 च्या अभ्यासात गिऱ्हाइकाच्या एका रुपयातले टोमॅटोला 33, कांद्याला 36 आणि बटाट्याला 37 पैसे शेतकऱ्याला मिळतात असं आलंय. पण फळं-भाजीपाला राज्य सरकारने जुलै 2016 मध्येच बाजार समितीच्या नियमनातून काढलाय, म्हणजे माल अडत्याकडेच घाला अशी सक्ती कायद्याने तेव्हाच संपली, त्यासाठी मार्टची वाट बघायची गरज नव्हती. आणि मधे कोणी न घेता माल विकायची जागा म्हणजे आठवडी बाजारच की! मान्य, आता निम्मी पालं व्यापाऱ्यांचीच असतात, पहाटे मार्केटातनं माल उचलून आणतात. तरी उरलेली वाडीवस्तीवरनं येतात ना. पाटीत गवार, थोडी वांगी, मेथीच्या वीसेक जुड्या, पदराखाली झाकलेली गावरान अंडी, असं घेऊन जीपने येणारी बाई मार्टच्या कुठल्या गेटवर उभी राहणार, सांगा बरं.

या कंपन्या खरेदी कशी करतात हेही बघा. त्यांचं कलेक्शन सेंटर असतं, तिथं माल आपणच पोचवायचा, साइज आणि रंग बघून ए ग्रेड तेवढा घेतात, आणि भाव बहुतेक ठिकाणी त्या दिवशीचा बाजार समितीचा भाव बघूनच ठरतो. म्हणजे ज्या अडत्याला शिव्या घातल्या त्याच्याच लिलावावर यांचा दर. वाकडी काकडी, बारीक टोमॅटो, डाग पडलेली वांगी परत आपल्या टेम्पोत, आणि ती कुठं विकायची तर मार्केटला नाहीतर याच बाजारात. ज्याचं दहा एकर एकच पीक आहे, माल निवडून भरायचं पॅकहाऊस आहे, त्याला ही सोय बरी पडते, नाकारत नाही. पण तो गुरुवारी बाजारात बसायला कधी येत होता?

मग ते 40 टक्के. हा आकडा कितीतरी वर्षं फिरतोय, मंत्र्यांच्या भाषणातसुद्धा ऐकलाय. कृषी संशोधन परिषदेच्या लुधियानाच्या संस्थेचा 2015 चा देशभराचा अभ्यास आहे, त्यात फळं-भाज्यांची नासाडी पिकाप्रमाणे साधारण साडेचार ते सोळा टक्के निघाली. तीही कमी नाही, पण 40 कुठं आणि 16 कुठं. आणि यातला बराच माल तोडणीत, भरणीत, वाहतुकीत खराब होतो, बाजारातल्या ताडपत्रीवर सगळा नाही. उलट बाजारात दिवस कलला की 'दहाला वाटा, दहाला वाटा' सुरू होतं, चार वाजता वीसला असलेला ढीग सात वाजता दहाला जातो, तरी उरलं तर शेळीपुढं. मार्टच्या सेंटरवर गेटवरनंच परत पाठवलेला माल त्यांच्या हिशोबात नासाडी धरतच नाहीत, तो शेतकऱ्याच्या खात्यावर.

स्वस्ताईचं म्हणाल तर डाळ, तेल, साबण, बिस्किटं मार्टमध्ये स्वस्त मिळतात, किराणा दुकानदाराला तो फटका बसणारच. भाजीचं गणित वेगळंय. रोजंदारीवरची बाई दहाची मिरची, पाच रुपयांचं आलं आणि पावशेर वांगी घेते, ओळखीच्या बाईकडनं कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकून घेते, कमी पडले तर पुढच्या गुरुवारी देते. बारकोडवाल्या पाकिटात हे बसवून दाखवा. मापात पाप होतं ही तक्रार मात्र रास्त आहे, काही जण करतात. त्याला औषध म्हणजे वजनकाट्यांची पडताळणी, वजनमापं तपासणाऱ्या सरकारी वैधमापनवाल्यांना बाजारात बोलवा की, बाजार कशाला उठवताय.

नोकऱ्यांवर जास्त बोलत नाही. पाच-पन्नास पोरं लागतील, बिलिंगला, माल लावायला, चांगलंच आहे. पण सुभिक्षा या किराणा-भाजीच्या साखळीची देशभरातली सोळाशेच्या आसपास दुकानं 2009 मध्ये बंद पडली, बिग बझारची कंपनी 2022 मध्ये कर्जात बुडाली आणि दुकानं हातची गेली, ते सगळ्यांनी बघितलं. कंपनी उद्या शटर ओढून जाऊ शकते, तोवर बाजार मोडलेला असेल तर भाजीवाल्या बायांना परत कोण गोळा करणार?

राहिली जागा, आणि माझ्या मते मेसेजचा खरा मतलब इथंच आहे. तळ मोक्याचा आहे, एसटी स्टँडला लागून. म्हणूनच तर वस्त्यांवरची माणसं येतात, बाजार दोन किलोमीटर लांब नेला की पाटी डोक्यावर घेऊन कोणी जात नाही, भरतात फक्त टेम्पोवाले व्यापारी. आपल्याकडे आता नगरपंचायत आहे, म्हणजे 2014 चा पथविक्रेता कायदा इथं लागू होतो. त्यात 'नैसर्गिक बाजार', म्हणजे विकणारे आणि घेणारे पूर्वापार जिथं जमतात तो बाजार, अशी सोय आहे, आणि पन्नास वर्षांहून जुना असा बाजार वारसा बाजार जाहीर करून तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये असं परिशिष्टात लिहिलंय. आपला बाजार म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीच्याही आधीचा आहे. तर आधी नगरपंचायतीला लेखी विचारूया की नैसर्गिक बाजार म्हणून याची नोंद झालीय का, आणि नगर पथविक्रेता समितीत 40 टक्के जागा विक्रेत्यांच्या, त्यातल्या एक तृतीयांश बायांच्या असायला हव्यात, त्यावर आपल्याकडे कोण कोण आहे. अर्जाचा मसुदा मी करतो, सह्या गुरुवारी तळावरच घेऊ, सकाळी अकराच्या आत, नंतर गिऱ्हाईक सोडून कोणी बोलायला मोकळं नसतं.