आकड्याने उंबरठा ओलांडू नये म्हणून

अभिनंदन! रक्तदाब मोजणारं, साखर मोजणारं किंवा मनगटावर बसून हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र बाजारात आणायचं तुम्ही ठरवलंत. पुण्य आणि पैसा एकाच दुकानात मिळण्याची सोय आजकाल फार थोड्या धंद्यांत उरली आहे. ज्या घरात साठी ओलांडलेलं माणूस आहे, त्या घरच्या कपाटात एक दंडाचा पट्टा आणि एक सुयांची डबी सापडतेच. तेव्हा गिऱ्हाइकाची चिंता नको.

चिंता करायची ती आकड्याची. मोजलेला आकडा तुमच्या अ‍ॅपमधून निघून थेट डॉक्टरच्या संगणकात जाऊन बसला, तर तुमचं अ‍ॅप उघडणार कोण? ‘प्रीमियम’ची वर्गणी भरणार कोण? आकडा घरात राहिला पाहिजे. तो राखायचा कसा, याबद्दल चार अनुभवाचे शब्द.

तुमची पहिली अडचण अशी की सगळं आधीच ठरलेलं आहे. घरगुती आरोग्ययंत्रांनी काय बोलावं, कसं बोलावं, यासाठी आयईईई ११०७३ नावाची मानकांची अख्खी मालिका आहे. त्यात रक्तदाबाच्या यंत्रासाठी १०४०७, ग्लुकोमीटरसाठी १०४१७, वजनकाट्यासाठी १०४१५, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरसाठी १०४०४ असे वेगवेगळे भाग. २००६ साली कंपन्यांनीच एकत्र येऊन कंटिन्युआ नावाची आघाडी काढली, ती याच कामासाठी. आपल्या सरकारने २०१३ साली इलेक्ट्रॉनिक आरोग्य-नोंदींची मानकं जाहीर केली, २०१६ साली सुधारली आणि त्यांत ही ११०७३ मालिका नाव घेऊन घातली. रोगांच्या आणि लक्षणांच्या संज्ञांसाठी स्नोमेड सीटी नावाचा आंतरराष्ट्रीय कोश आहे. भारत २०१४ पासून तो चालवणाऱ्या संस्थेचा सदस्य असल्यामुळे तुम्हाला ते फुकट. चाचण्यांचे क्रमांक देणारं लॉइंकही फुकट. एवढं करून अडलंच तर विचारायला या मानकांचं राष्ट्रीय केंद्र आहे, आणि ते दिल्लीला नाही, पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत आहे. म्हणजे ‘परवडत नाही’ आणि ‘लांब पडतं’ ही दोन्ही कारणं तुमच्या हातून गेली.

घाबरू नका. गुंतवणूकदाराने विचारलं, तर ‘आमचं तंत्रज्ञान मानकांच्या पुढे गेलेलं आहे’ असं सांगा. किती पुढे, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

प्रत्यक्ष यंत्रात मात्र जरा कारागिरी लागेल. ब्लूटूथवर रक्तदाबाचं यंत्र ओळखू यावं म्हणून १८१० हा सांकेतिक क्रमांक राखून ठेवलेला आहे. त्या वाटेने आकडा पाठवला तर कुठलाही फोन, कुठलंही अ‍ॅप तो वाचू शकेल. हा अनर्थ टाळा. सर्वांना समजेल अशा भाषेत यंत्राने फक्त आपलं नाव आणि बॅटरी किती उरली ते सांगावं. रक्तदाब तुमच्या खासगी लिपीत, तुमच्याच अ‍ॅपच्या कानात. खोक्यावर ‘ब्लूटूथ’ ठळक छापा. ते खोटं नाही.

साखरेकडे विशेष लक्ष द्यावं लागेल, कारण तिथे मानकवाल्यांनी फारच खोलात जाऊन काम केलेलं आहे. प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक, तारीख-वेळ, घड्याळ पुढेमागे केलं असेल तर तो फरक, रक्त कुठून घेतलं, आणि ते रक्तच होतं की यंत्र तपासायचं द्रावण, इथपर्यंत. शिवाय सोबत एक जोडनोंद : उपाशीपोटी, जेवणाआधी, जेवणानंतर की झोपताना. हे सगळं गाळा. नुसता आकडा ठेवा. १८०. रात्रभर उपाशी राहून सकाळी आलेले १८० आणि श्रीखंड-पुरीनंतर दोन तासांनी आलेले १८० यांत किती अंतर आहे, ते डॉक्टरला ठाऊक असतं. यांपैकी कुठले, एवढंच त्याला कळू द्यायचं नाही. तो गोळी वाढवेल, नाहीतर वाढवणार नाही. काहीही केलं तरी तुमचा आलेख रंगीतच दिसणार.

घड्याळाचंही तसंच. बॅटरी बदलली की यंत्राने कारखान्यातल्या तारखेवर परत जावं. फोनवरून वेळ दुरुस्त करून घेणं अवघड नाही, म्हणूनच ते करू नये. जन्मायच्या आधीपासून ज्याला मधुमेह आहे असा एखादा रुग्ण तुमच्या विदेत (म्हणजे डेटात) सापडला, तर संशोधकांना काम मिळेल.

एककांचा प्रश्न सोडवायला जाऊ नका, तो तुमच्या बाजूचा आहे. आपल्याकडे साखर मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटरमध्ये, इंग्लंड-ऑस्ट्रेलियात मिलिमोल प्रतिलिटरमध्ये. मध्ये फक्त १८ ने भागायचं असतं. नाशिकला सासऱ्यांची उपाशीपोटीची साखर १२६ आली, तर मेलबर्नच्या सूनबाईंच्या फोनवर ७ दिसायला हवी. मधुमेह म्हणायला सुरुवात जिथून होते तो हाच आकडा, दोन्हीकडे. तुम्ही एकक छापलंच नाही, तर नाशिकला धास्ती आणि मेलबर्नला समाधान, अशी भावनिक विविधता फुकटात साधते. (ब्लूटूथच्या मूळ मानकात तर साखर किलोग्रॅम प्रतिलिटरमध्ये पाठवायची तरतूद आहे. म्हणजे सासऱ्यांची साखर ०.००१२६. त्या समितीतल्या कुणी स्वतःचं बोट कधी टोचून घेतलं असेल असं मला वाटत नाही.)

आता माणसांकडे वळू. रक्तदाबाच्या मानकात नोंद कोणाची, हे सांगायलाही एक जागा ठेवलेली आहे. ती रिकामी सोडा. आपल्याकडे यंत्र घरात आलं की आधी बाबा, मग आई, मग ‘बघू माझा किती’ म्हणणारे शेजारचे काका आणि शेवटी कामाच्या मावशी, असा क्रम असतो. हे सगळे दाब बाबांच्या नावावर चढू द्या. एका संध्याकाळी एकाच माणसाचा रक्तदाब चार प्रकारचा दिसला की तुमच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला ‘अनियमितता आढळली’ असा संदेश पाठवता येतो, आणि पुढचा सल्ला सशुल्क ठेवता येतो.

यंत्राबरोबर रुग्णालयाचं सॉफ्टवेअरही विकणार असाल, तर आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी गाठ पडेल. २७ सप्टेंबर २०२१ ला ते देशभर सुरू झालं. प्रत्येकाला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक, आणि सॉफ्टवेअरवाल्यांना तीन टप्पे : पहिल्यात आभा काढणं नि तपासणं, दुसऱ्यात नोंदी रुग्णाच्या संमतीने दुसऱ्याला देणं, तिसऱ्यात दुसऱ्याच्या नोंदी मागवून दाखवणं. पहिला टप्पा पार करा, पेढे वाटा आणि थांबा. ओपीडीच्या दारात क्यूआर कोड चिकटवा, म्हणजे लोक तो स्कॅन करून रांगेतला नंबर घेतील. आरोग्याच्या नोंदींसाठी उभारलेल्या एवढ्या मोठ्या व्यवस्थेतून टोकन निघतंय, हे पाहून रुग्णालयाच्या विश्वस्तांनाही भरून येतं.

दुसरा टप्पा करावाच लागला, तर त्यातही वाट आहे, आणि ती मला मनापासून आवडते. आरोग्य-नोंदींच्या देवाणघेवाणीची मानकं ठरवणारी एचएल-सेव्हन ही संस्था १९८७ पासून या कामात आहे. तिचं आजचं मानक फायर, तेच या मिशनने घेतलंय. त्यात वरचा रक्तदाब द्यायचा म्हणजे एक निरीक्षण लिहायचं : लॉइंक क्रमांक ८४८०-६, किंमत १४८, एकक मिलिमीटर पारा. खालच्यासाठी ८४६२-४. हे लिहिलं की दुसऱ्या रुग्णालयाचा संगणक तो आकडा उचलतो, मागच्या वर्षाच्या आकड्याशेजारी ठेवतो, चढउतार दाखवतो. असलं काही करायची गरज नाही. त्याच मानकात कागदपत्र जोडायचीही सोय आहे. डॉक्टरने हाताने लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो काढा, फोटोची पीडीएफ करा, पीडीएफची अक्षरांची लांबलचक माळ करा आणि ती फायरच्या डब्यात भरा. तपासणी करणारा प्रोग्राम डबा बघतो. डबा अगदी मानकाप्रमाणे असतो. पलीकडचा डॉक्टर तो उघडतो आणि त्याला दिसतं ते आडवं आलेलं एक पान, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा.

संमतीवर फार वेळ घालवू नका. मिशनच्या नियमांत कशासाठी, कुठल्या नोंदी, कुठल्या काळातल्या, हे सगळं रुग्णाला दाखवून विचारायचं असतं, आणि दिलेली संमती त्याला परतही घेता येते. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही संमती मोकळेपणाने आणि समजून दिलेली हवी म्हणतो. माहितीपत्रकात हे सगळं मोठ्या अक्षरांत छापा. काउंटरवर मात्र एकच वाक्य पुरतं : “काका, ओटीपी सांगा.”

एवढी मेहनत घेऊनही काही आकडे निसटतील, आणि त्यात तुमचा खरा प्रतिस्पर्धी कोण हे आत्ताच सांगून ठेवतो. परदेशी कंपन्या नव्हेत. रेघी वही. आई पट्टीने रकाने आखते, तारीख, उपाशी, जेवणानंतर, आणि शेवटच्या रकान्यात लिहिते, ‘काल मुंजीला गेले होते.’ तुम्ही यंत्रातून एवढ्या कष्टाने गाळलेलं सगळं त्यात असतं. वही कुठल्याही दवाखान्यात चालते, बॅटरी मागत नाही, आणि डॉक्टर ती अर्ध्या मिनिटात वाचून मोकळा होतो. तिच्याविरुद्ध ‘पेपरलेस व्हा, झाडं वाचवा’ अशी मोहीम काढा. दुसरं हत्यार मला तरी सुचत नाही.

माहिती बाहेर काढून द्या म्हणून एखादा ग्राहक हटूनच बसला, तर सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या आकड्यांची साधी फाइल, द्या. स्तंभांना नावं देऊ नका.

आणि एका जमातीपासून सांभाळून राहा : प्रोग्रामिंग येणारे आईबाप. अमेरिकेत २०१३ साली टाइप-१ मधुमेह असलेल्या एका लहान मुलाच्या बापाने, मुलगा नजरेआड असतानाही त्याची साखर दिसावी म्हणून, त्याच्या अंगावरच्या साखर मोजणाऱ्या सेन्सरचे आकडे यंत्रातून स्वतःच बाहेर काढले. कंपनीची वाट पाहिली नाही. मग तसेच आणखी पालक जमले, त्यातून नाइटस्काउट नावाचं पालकांचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं आणि त्यांनी आपली कृती सगळ्यांना फुकट वाटून टाकली. हिंजवडीच्या एकेका इमारतीत असे आईबाप मजल्यामजल्यावर बसलेले आहेत. त्यांना तुमच्याकडे चांगल्या पगारावर घ्या, आणि रुजू होतानाच गोपनीयतेच्या करारावर सही घ्या.